मागच्या दाराचा उंबरा

हार्ग्रोव्ह बाई,

त्या दिवशी विश्वस्तांच्या बैठकीत मी जे बोललो ते खोटं होतं, आणि बोलत असतानाच मला ते माहीत होतं. सुरुवात इथूनच करतो. एकदा तुमचं कौतुक करायला लागलो की मला थांबता येत नाही आणि मग ही गोष्ट मागे राहते. इतकी वर्षं ती अशीच मागे राहत आली.

तुम्हाला जाऊन अजून दोन आठवडेही झाले नाहीत. हे मी मराठीत लिहितोय. तुम्हाला मराठीतला एकच शब्द येत होता, तो म्हणजे 'बाई'. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तुम्ही तो दोनदा म्हणून पाहिलात आणि म्हणालात, "हा चालेल. लोरेटापेक्षा पुष्कळ बरा." तेव्हापासून चारचौघांत तुम्ही मिसेस हार्ग्रोव्ह आणि आपण दोघंच असलो की बाई. हा मजकूर मी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला देणार आहे. यातलं काही इंग्रजीत बोलून झालं आहे. काही मराठीतच बोलायला हवं होतं आणि ते मी तेव्हा गिळलं.

अंक वाचणाऱ्यांना आपलं ठिकाण माहीत असेलच असं नाही. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीहून तासाभराच्या ड्राइव्हवर, तंबाखूच्या एका जुन्या मळ्यावरचं पांढऱ्या खांबांचं घर. एका खाजगी ट्रस्टनं ते जपून ठेवलं आहे. लोक तिकीट काढून बघायला येतात, शनिवारी हिरवळीवर लग्नं लागतात. मी तिथे इमारतींच्या दुरुस्तीचा इंजिनियर. छप्पर, धुराडी, वाळवी आणि ओल ही माझी खाती. तुम्ही तीस-एक वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालात आणि तिथे गाइड म्हणून आलात. त्या घरात गाइड म्हणून पगार घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच काळ्या बाई.

पहिल्याच आठवड्यात डायरेक्टरनं तुमच्यासाठी कपडे आणून ठेवले होते. जाड सुती झगा, एप्रन आणि डोक्याला बांधायचा रुमाल. बाकीच्या गाइड रेशमी झग्यांत मालकिणी व्हायच्या. तुम्ही ती घडी उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी निळा सूट, कॉलरवर मोत्याची पिन आणि चकचकीत बूट घालून आलात. डायरेक्टर म्हणाला, "मिसेस हार्ग्रोव्ह, आम्हाला वाटलं तो वेश जास्त खरा वाटेल." तुम्ही म्हणालात, "मी इथे शिकवायला आले आहे. शिकवताना मी हेच घालते." शेवटपर्यंत तुम्ही तो सूट सोडला नाहीत. ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा.

यावरून आपलं बरंच वाजायचं. माझं म्हणणं, वेश घातलात तर लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र लवकर उभं राहील. तुम्ही म्हणायचात, "चित्र त्यांच्याकडे आहेच, मिस्टर देशपांडे. तेच तर मला खाली उतरवायचं आहे." हा वाद कधी संपला नाही. आता तो मी एकटाच घालतो आणि एकटाच हरतो.

माझं आडनाव त्या ऑफिसात फक्त तुम्हीच पूर्ण म्हणायचात. बाकी सगळ्यांचा मी 'मिस्टर डी'. तुम्ही पहिल्या दिवशी ते माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलंत, हजेरी घ्यावी तसं. नावाच्या बाबतीत तुम्ही कडक होतात. विश्वस्तांचे अध्यक्ष तुमच्याहून बरेच लहान, पण तुम्हाला भर बैठकीत 'लोरेटा' म्हणाले. तुम्ही गोड आवाजात विचारलंत, "हो, वॉल्टर?"  पुढच्या वाक्यापासून तुम्ही मिसेस हार्ग्रोव्ह झालात. मी मात्र मिस्टर डीच राहिलो, कारण मी कधी काही म्हटलंच नाही.

ट्रस्टच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा होता तो दिवस आठवतो का? 'आमचा स्टाफ' या मथळ्याखाली. फोटोग्राफरनं आपल्या दोघांना उचलून अगदी मधोमध, पुढच्या पायऱ्यांवर उभं केलं. एरवी ट्रस्टच्या कुठल्याच कामात आपण मधोमध नसायचो. तुम्ही ओठ न हलवता म्हणालात, "हसा, मिस्टर देशपांडे. आज आपण दोघं मिळून सगळं जग आहोत." त्या फोटोत मी खरंच हसतोय. ते हसू तुमचं आहे.

आता उंबऱ्याबद्दल.

आपली मैत्रीच त्या उंबऱ्यावर झाली. मी मागच्या दाराची चौकट तपासत होतो. त्या घराचं स्वयंपाकघर वेगळं, मागे अंगणापलीकडे. तिथून जेवणाची ताटं घेऊन माणसं मागच्या दारानं आत यायची आणि अरुंद जिन्यानं वर जायची. पुढच्या दाराचा उंबरा जवळजवळ सरळ होता. मागचा मधोमध खोल गेला होता, वाडग्यासारखा. तुम्ही तिथून जात होतात. मी सहज म्हणून खिशातली पेन्सिल उंबऱ्याच्या कडेला ठेवली. ती घरंगळत मध्यावर येऊन थांबली. "लाकूड खोटं बोलत नाही," मी म्हणालो, "या घरात माणसं कुठून येत-जात होती ते बघा." तुम्ही खाली वाकलात, पेन्सिल उचलून पुन्हा दुसऱ्या कडेला ठेवलीत. पुन्हा ती मध्यावर आली. तुम्ही ती उचलून मला परत दिलीत. मग म्हणालात, "आणि आपण रोज लोकांना पुढच्या दारानं आत नेतो."

लोकांना घर दाखवायची तुमची फेरी तिथे जन्मली. तोवरच्या फेरीत दिवाणखाना, चांदीची भांडी, मालकाचं तैलचित्र आणि शेवटी बाग. गुलामांचा उल्लेख 'सर्व्हंट्स' असा एका वाक्यात, तोही झुंबराकडे बोट दाखवताना. तुम्ही मला विचारलं होतंत, "सर्व्हंटला काम सोडून जाता येतं. यांना येत होतं का?" स्वयंपाकघरात तेव्हा गवत कापायची यंत्रं आणि लग्नातल्या घडीच्या खुर्च्या ठेवलेल्या असायच्या. तुम्हाला ते रिकामं करून हवं होतं. फेरी तिथून सुरू व्हावी, चुलीपासून अंगणातून मागच्या दाराशी यावी, प्रत्येकानं त्या उंबऱ्यावर पाय ठेवावा आणि मग आत जाऊन चांदीची भांडी बघावीत, असा तुमचा प्रस्ताव होता. चांदी काढून टाकायची नव्हती तुम्हाला. ती शेवटी बघायची होती, एवढंच.

तो प्रस्ताव विश्वस्तांपुढे आला. तुम्ही अतिशय सुंदर बोललात. मी दुरुस्तीच्या कामाचा म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. एक जण म्हणाले, लोक मुलंबाळं घेऊन येतात, त्यांना अस्वस्थ करून पाठवायचं का? तुम्ही म्हणालात, "शांत व्हायला त्यांना चर्च आहे. इथे ते बघायला येतात." मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मिस्टर डी, तुमची नजर वेगळी असेल. तुम्हाला काय वाटतं?"

त्या खोलीत मला कुणी पहिल्यांदाच मत विचारत होतं. माझी नेमणूक तेव्हा वर्षावर्षाची होती. ती कायम होण्याचं बोलणं चालू होतं, तेही खरं. पण नुसत्या भीतीनं मी बोललो असं लिहिलं तर ती आणखी एक लबाडी होईल. मला बरं वाटलं होतं. विचारल्याचं बरं वाटलं होतं.

मी म्हणालो, "मीही गोरा नाही. आमच्याही घरी भारतात कामाला माणसं होती. ती घरच्यासारखीच असायची. कुणाचा अपमान होतो असं आम्हाला कधी वाटलं नाही. लोकांना मागच्या दारानं फिरवून काय साधणार आहे, मला कळत नाही."

अध्यक्षांनी टेबलावर हात टेकले. "वेल, देअर वी आर." प्रस्ताव बाजूला पडला. माझा रंग त्यांना एवढ्यासाठी हवा होता आणि मी तो काढून दिला. गोऱ्या माणसानं ते वाक्य म्हटलं असतं तर त्याला तुम्ही दोन मिनिटांत गप्प केलं असतं. माझ्यापुढे तुमची अडचण झाली. पेन्सिलवाल्या माणसानंच पेन्सिल खिशात घातली होती.

पार्किंगमध्ये तुम्ही तुमच्या जुन्या स्टेशन वॅगनपाशी थांबला होतात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही फक्त विचारलंत, "तुमच्या घरी मागच्या दारानं कोण यायचं, मिस्टर देशपांडे?"

"आमच्या घराला एकच दार होतं," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत आणि गाडी सुरू केलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला नेहमीच्या ठिकाणी, स्वयंपाकघराच्या पायरीवर कशा आलात हे मला आजही कळत नाही. माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं उकडलेल्या अंड्यावर घालून खाल्लंत, "आज तिखट कमी आहे" म्हणालात. मी त्याला क्षमा समजलो. ती क्षमा नव्हती. तुम्ही फक्त माझ्याशी बोलणं सोडलं नव्हतंत.

बैठकीनंतर मला लेखी काम आलं. मागचा उंबरा ठेच लागण्यासारखा आहे, काढून नवी फळी बसवावी. ती फळी मी बसवली नाही. कधी लाकूड ओलं निघालं, कधी माप चुकलं, कधी सुतार मिळाला नाही. वर्षभर मी कारणं दिली. तुम्ही एकदा ते कारण ऐकत उभ्या होतात. नंतर जवळ येऊन म्हणालात, "लाकडाच्या बाबतीत तुम्ही शूर आहात."

बाई, तुम्ही थांबला नाहीत, त्याचा मला फार अभिमान वाटतो. घराच्या आत तुमचा मजकूर चालणार नव्हता, तर तुम्ही बाहेरची परवानगी मागितलीत. 'परिसर दर्शन'. अंगण, विहीर, बंद स्वयंपाकघर बाहेरून आणि शेवटी मागचं दार. आत जायचं नाही. आधी तुमच्या चर्चच्या बायका आल्या, टोप्या घालून, एका बसमधून. मग दुसरं चर्च. मग तुमचे जुने विद्यार्थी, आता स्वतः मास्तर झालेले, आपापले वर्ग घेऊन. काही दिवशी मागच्या अंगणात पुढच्या अंगणापेक्षा जास्त माणसं असायची. पुढच्या दारानं आत गेलेले लोक मागच्या खिडकीतून डोकावून विचारायचे, तिकडे काय चाललंय? आणि तुम्ही निळ्या सुटात, हातात एक पेन्सिल.

लोक हळूच विचारायचे, "तुमची माणसं याच मळ्यावर होती का?" तुम्ही म्हणायचात, "माझी माणसं दोन काउंटी पलीकडची. फ्रेंच राज्यक्रांती शिकवायला तुम्ही फ्रेंच बाईच शोधता का?" सगळे हसायचे आणि मग नीट ऐकायला लागायचे. शेवटी उंबऱ्यापाशी तुमचा तो प्रश्न. तुमच्या घरी मागच्या दारानं कोण यायचं? कुणाच्या अंगावर तो तुम्ही फेकला नाहीत. विचारून गप्प राहायचात, वर्गात राहावं तशा. जवळच्या शेतावरचा एक म्हातारा गोरा माणूस एकदा म्हणाला, "माझ्या पणजोबाकडे कोण यायचं मला ठाऊक नाही." तुम्ही म्हणालात, "शोधा. सापडलं की मला सांगायला या." वसंतात तो आला. हॅट काढून तुमच्यापाशी उभा राहिला आणि त्यानं दोन नावं सांगितली. तुम्ही ती त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलीत.

आणि मग आमच्या मंडळाची सहल आली.

ती मीच ठरवली होती. कॅरी आणि आसपासची पंचवीस-तीस मराठी माणसं, पुलावाची पातेली, कुणाच्या तरी गाडीत कॅसेट. मला माझं ऑफिस दाखवायचं होतं आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही दाखवायचं होतं, 'या माझ्या मैत्रीण' म्हणून. आमच्यात मिलिंद होता. नागपूरचा, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा, बौद्ध. मंडळात तो यायचा, खुर्च्या उचलायचा, सगळ्यांना काका-काकू म्हणायचा. कुणी त्याला आडनावावरून आडून आडून काही विचारलं की तो सरळ उत्तर द्यायचा आणि विचारणाराच अवघडायचा.

तुम्ही उंबऱ्यावर पेन्सिल सोडलीत आणि प्रश्न विचारलात. आमची मंडळी जमिनीकडे बघायला लागली. एक काकू म्हणाल्या, "आम्ही सगळे गॅरेजमधूनच येतो," आणि हशा झाला. तुम्हीही हसलात. पण गप्प राहिलात.

मिलिंद इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, माझ्या आजोबांच्या गावात असा उंबरा झिजला नसता. आम्हाला त्यावर पाय ठेवायची परवानगी नव्हती. अंगणाबाहेरून हाक मारायची."

 तुम्ही त्याच्याकडे बघत होतात, आणि मग, बाई, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मिलिंदही वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. त्यानं मराठीत विचारलं, "काका, तुमच्याकडे कसं होतं?"

मी म्हणालो, "चला, चला. पुलाव गार होतोय यार, मुलं भुकेली आहेत."

मंडळी सुटल्यासारखी निघाली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "पिकनिकला कशाला हे विषय." तुम्हाला आमचं बोलणं कळलं नव्हतं. पण एवढी वर्षं वर्गापुढे उभं राहिलेल्या बाईला मुलगा कधी उत्तर टाळतोय ते कळायला भाषा लागत नाही. मिलिंद मागे राहिला. तुम्ही दोघं त्या पायरीवर बसून बोलत होतात आणि मी लांबून कागदी ताटल्या वाटत होतो.

त्यानंतरही तुम्ही मला काही विचारलं नाहीत. मी रोज वाट पाहायचो. तुम्ही हवापाण्याबद्दल बोलायचात.

पुढच्या वर्षी विश्वस्तांना तुमची फेरी मान्य करावी लागली. इतक्या शाळांची पत्रं येऊन पडली होती की नाही म्हणणं अवघड झालं. मला विचारायची वेळ आली नाही आणि मीही आपण होऊन तोंड उघडलं नाही. मी माझ्या माणसांना घेऊन स्वयंपाकघरातली यंत्रं बाहेर काढली, चूल मोकळी केली, भिंतींना चुना लावला. जन्मात एवढ्या काळजीनं काम केलं नसेल. नवीन फळीचा विषय कुणी काढला नाही. पहिल्या दिवशी तुम्ही लोकांना मागच्या दारातून आत नेलंत. दाराशी थांबून प्रत्येकाचा पाय त्या खोलगट भागात पडतोय ना ते बघत होतात. शेवटचा पाय तुमचा. चकचकीत काळा बूट. तो उंबऱ्यावर टेकला तेव्हा तुम्ही क्षणभर थांबलात आणि सुटाची कॉलर सारखी केलीत. मी अंगणात शिडी धरून उभा होतो. त्या क्षणी जगात दुसरीकडे कुठेही कामाला असणं मला नको होतं.

मग तुमचं दुखणं सुरू झालं. तुम्ही त्याचं नाव कधी घेतलं नाहीत म्हणून मीही लिहीत नाही. हॉस्पिटलात मी दुपारी यायचो. एकदा मी धीर केला. "बाई, त्या दिवशी पार्किंगमध्ये मी तुम्हाला जे..."

तुम्ही हात वर केलात. "मला माहीत आहे. तुमच्या सहलीतल्या त्या मुलानं विचारलं तेव्हाच कळलं."

"मला माफी मागायची आहे."

"इथे नको," तुम्ही म्हणालात. आवाज बारीक झाला होता, पण वर्गातला होता. "खोटं मोठ्यानं बोलायचं आणि माफी कानात मागायची, ही सवय मी माझ्या वर्गात कुणाला लागू दिली नाही. जिथे बोललात तिथे जाऊन बोला." मग डोळे मिटून म्हणालात, "आणि लोणचं आणा उद्या. इथलं जेवण पांचट आहे."

लोणचं मी आणलं. बोलायला मात्र तुम्ही असेपर्यंत गेलो नाही.

तुमच्या अंत्यविधीच्या शनिवारी तुमच्या चर्चमध्ये मी सगळ्यात मागे बसलो होतो. पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई आल्या आणि मला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. "तुम्ही पेन्सिलवाले ना? तुमची जागा पुढे आहे." म्हणजे तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. पेन्सिल माझी आहे हे सांगितलं होतं, आणि बाकीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. पाद्रींनी तुमच्या विद्यार्थ्यांना उभं राहायला सांगितलं तेव्हा अर्धं चर्च उभं राहिलं. पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा. मी उभा राहू की नको ते मला कळेना. हातमोजेवाल्या बाईंनी कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो.

त्यानंतर विश्वस्तांची बैठक झाली, काल. निकाल आधी सांगतो, तुम्हाला तो आधी ऐकायला आवडायचा. फेरी मागच्या दारानंच सुरू होणार आहे. नवीन गाइड मिळेपर्यंत शनिवारची फेरी मी नेणार. माझी इंग्रजी ऐकून लोक तुमची आठवण काढतील, त्याला इलाज नाही. एप्रन घालणार नाही.

पण सुरुवात तशी नव्हती. अध्यक्ष तुमच्याबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले. मग म्हणाले की मिसेस हार्ग्रोव्हसारखं ते कुणालाच जमणार नाही, तेव्हा तूर्त फेरी पूर्वीसारखी पुढच्या दारानं सुरू करावी, स्वयंपाकघर बंद ठेवावं. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि ते माझ्याकडे वळले. त्याच खुर्चीवरून, तशाच आपुलकीनं. "मिस्टर डी, तुम्ही तर त्यांचे मित्र. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "माझं नाव देशपांडे आहे." त्यांनी ते म्हणायचा प्रयत्न केला. मी थांबलो, त्यांनी पुन्हा म्हटलं. मग मी उभा राहून बोललो. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे मुद्दामच बघितलं नाही, तुम्हाला ते नाटकी वाटलं असतं.

घरी आल्यावर मिलिंदला फोन केला. तो आता फ्रीमाँटला असतो. त्याला सगळं सांगितलं आणि त्याचीही माफी मागितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, फोनवर नको. तेव्हा तीस जण होते ना? अंकात लिहा." तुमचं आणि त्याचं त्या पायरीवर काय बोलणं झालं होतं मला माहीत नाही, पण दोघांनी मला एकाच जागी उभं केलंत.

म्हणून काल त्या खोलीत बोललो ते इथे मराठीत पुन्हा लिहितो. सहलीला जे होते त्यांच्यासाठी, आणि जे नव्हते त्यांच्यासाठीही.

आमच्या घराला दोन दारं होती. पुढचं आळीत उघडायचं, मागचं बोळात. त्या बोळाला गावात एका जातीचं नाव होतं. त्या बोळातून रोज सकाळी एक बाई यायची आणि आमच्या घरातला मैला डोक्यावर घेऊन जायची. ती घरच्यासारखी नव्हती. तिचं नाव मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. ती दाराच्या खाली, बोळात उभी राहायची आणि आम्ही तिला वरून शिळी भाकरी टाकायचो. ती पदरात झेलायची. मीही टाकलेली आहे. मला तो खेळ वाटायचा. त्या दाराचा उंबरा सरळ होता, नव्यासारखा, कारण तिचा पाय आम्ही त्यावर कधी पडू दिला नाही. मी इमारतींचा इंजिनियर आहे. झिजलेला उंबरा मला वाचता आला, न झिजलेला आयुष्यभर वाचला नाही. आणि या खोलीत मी माझा रंग पुढे करून मिसेस हार्ग्रोव्हना खोटं पाडलं, कारण त्यांच्या फेरीनं मला माझ्या मागच्या दाराशी नेलं असतं. मी खोटं बोललो. बाई, मला माफ करा.